एक पडदा, दोन नकाशे

समज, तुझ्या बोटाखाली एक बटन आहे. ते दाबलं, की समोरचा पडदा पापणी लवेस्तोवर काळा होतो आणि त्यावर दुसराच संगणक उमटतो. पहिला बंद पडत नाही बरं. टेबलाखाली तो आपला चालूच असतो, फक्त दिसत नाही. आता समज, की ते बटन तुझं नाहीच.

शालूनं ते दाबलं.

हिवरखेडच्या वाचनालयाला अमरावतीच्या एका कचेरीनं वापरून झालेले दोन संगणक दिले होते, अगदी जुळे. पडदा आणि कीबोर्ड मात्र एकेकच आला. म्हणून वामनराव गुरुजींनी मध्ये एक डबी जोडली; तिला ते केव्हीएम स्विच म्हणत. डावं बटन शालूचं, उजवं स्वप्निलचं. सातवीतली ही दोघं आळीपाळीनं बसून गावाचा नकाशा काढत होती. सरस ठरेल तो नकाशा आणि तो काढणारा उद्या अकोल्याच्या प्रदर्शनाला जाणार होता. दुसऱ्याचं बटन दाबील तो बाद, हा नियम शालूनंच केला होता आणि स्वप्निलकडून चारचौघांत वदवूनही घेतला होता.

पण तो कुठवर पोचला, हे पाहिल्यावाचून तिला राहवेना. त्याच्या नकाशात सकाळी गुरुजींनी दोघांकडून काढून घेतलेले रस्ते आणि नाला एवढंच होतं. तिच्याही नकाशात तेवढंच होतं. ती गालात हसली. तेवढ्यात पाण्याची कळशी वर न्यायला गुरुजींनी खालून हाक मारली. ती धावत गेली, कळशी आणून ठेवली, हात पुसले आणि तशीच कामाला बसली.

मग तिचा हात थांबलाच नाही. तिचे आजोबा, नत्थुजी, वावरांमधल्या ज्या पांदणींनी शेळ्या नेत, त्या सगळ्या तिनं काढल्या. विहिरी काढल्या, एकेकीचं नाव लिहिलं. बुजलेल्या विहिरी तुटक रेघेनं दाखवल्या. असा नकाशा गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, अशी तिची खात्री होती, आणि ती काही खोटी नव्हती.

स्वप्निलची पाळी आली. त्यानं बटनाकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला. डबीवरचा दिवा आधीच उजव्या बटनापाशी लागलेला होता. शालूलाही तो आत्ताच दिसला.

गुरुजी वर आले होते आणि मागून वाकून पाहत होते. त्यांनी आधी स्वप्निलचं कौतुक केलं, मग एका बुजलेल्या विहिरीवर बोट ठेवून ती कुणाच्या वावरात आहे, ते विचारलं. स्वप्निलला सांगता येईना. गुरुजींनी आणखी एक विहीर विचारली, मग एक पांदण. त्यांचा आवाज उतरला.

"शालूचं बटन दाबून तिचा नकाशा उचलला का तू?"

"नाई गुरुजी. हे कुठून आलं, मलेच नाई समजून राह्यलं."

हे कोण खरं मानणार? गुरुजींनी चष्मा काढला. खाली चल, बोलू, एवढंच म्हणाले. अकोल्याला आता शालूच जाईल, हेही म्हणाले. स्वप्निल उठून त्यांच्यामागं निघाला.

पेन ड्राइव्ह टेबलावरच होता. दोघं जिना उतरेपर्यंत नकाशा डावीकडच्या, आपल्या संगणकात नेऊन ठेवणं शालूला काही जड नव्हतं. तिनं तो उचलला, मुठीत धरला आणि परत ठेवून दिला.

"गुरुजी, त्याचं बटन म्या दाबलं व्हतं."

गुरुजी पायरीवरून वळले. "चुकून दाबलं असशील."

"चुकून नाई. त्याचं पाहाले. मंग ध्यानातच नाई राह्यलं, त्याच्याच नकाशावर काढत बसली."

गुरुजींनी चष्मा पुन्हा चढवला.

"नियम कोणाचा होता?"

"माहाच."

म्हणजे ती बाद, आणि अकोल्याला जाणार स्वप्निल. डाव्या बाजूच्या नकाशात अजून रस्ते आणि नाला एवढंच होतं, आणि आज पुन्हा पाळी मागायचं तोंड शालूला नव्हतं. स्वप्निल परत येऊन स्टुलावर बसला खरा, पण कीबोर्डला हात लावेना.

शालूनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी टेकवलं.

"सरक तिकडं. उद्या अकोल्यात इचारतीन, तं काय सांगशीन, कपाय?"

तिनं पहिल्या विहिरीवर बोट ठेवलं आणि ती कुणाच्या वावरात आहे, ते त्याला सांगायला लागली.