दोन बोटांचा ढाळ

माझ्या गॅरेजच्या फरशीला कुणी वाकडं बोललं की माझं टाळकं सटकायचं. लातुरात औसा रोडला कुणालाबी विचारा, गाडीचं पुढलं अंग सरळ करावं तर चांदपाशानंच. आन् ते ज्या फरशीवर करायचं ती शहाबादी फरशी माझ्या अब्बांनी एक्काहत्तर साली सोताच्या हातानं बसवलेली. परतेक फरशीवर काठोकाठ पाण्याची थाळी ठेवायची, थेंब सांडला की फरशी उचलायची, परत बसवायची. आख्खा महिना गेला त्यात. अब्बा गेल्यावर मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचो, "रस्ता वाकडा असंल बाबा, ही फरशी न्हाई!" माझी बायको शहजादी हसायची. "क्या जी, फरश कू भी सलाम करते क्या?" म्हणायची.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत शंकरप्पा सर एक लाल गाडी घेऊन आले. सर उदगीरचे, फिजिक्स शिकवायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातुरात गल्लोगल्ली जे क्लासचं पीक आलं, त्यात सरांचा क्लास नंबरात व्हता. गाडी दोन शिटांची, उघडी, बासष्ट सालची, विलायती. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या नातवाकडून घेतलेली. लांब नाक, बसकं अंग. बघतच ऱ्हावी अशी.

"चांदभाई, ऐंशीपर्यंत लोण्यासारखी पळते," सर म्हणले. "शंभरला पुढून हलकी होते. स्टेअरिंग हातात आहे, पण गाडी हातात नाही, असं वाटतं. रविवारी नांदेडला नवी शाखा उघडतोय. मी स्वतः हीच चालवत नेणार."

"डाव्या हाताचा खेळ हाय सर. उद्या न्या."

आता खेळ काय, तर सायकल आठवा. सायकलीचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरनं मागं झुकलेला असतो. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल मारतात अन् चाक आपसूक सरळ ऱ्हातं. मोटारीचंबी तसंच. पुढचं चाक ज्याच्यावर वळतं त्यो खिळा वरच्या अंगानं थोडका मागं झुकलेला पाहिजे. हा झोक कमी पडला की गाडी येगात डुलायला लागती. मी ओळंबा लावला, पितळी कोनमापक लावलं. झोक उलट जादाच दिसला. म्हणलं, ह्येच्यामुळंच बिघडली असंल, अन् आतल्या दोन पातळ पत्र्या काढून तो कमी केला.

दुसऱ्या दिवशी सर परत. तोंड उतरलेलं. "चांदभाई, आता सत्तरलाच डुलते."

मी परत मापलं. झोक अजून जादाच. आजून एक पत्री काढली. तिसऱ्या दिवशी सर आले ते गाडीतनं उतरून तिथंच धापा टाकत उभे. "साठच्या वर गेलं की स्टेअरिंग हातात राहत नाही हो! आत्ता ऊसाच्या ट्रॅक्टरखाली जात होतो."

मी हातातला पाना खाली ठेवला. ह्येच शब्द मी आधी ऐकले व्हते. जशेच्या तशे.

व्यंकटीनं म्हणले व्हते. व्यंकटी म्हंजी सरांच्या क्लासच्या गेटवर बसतो त्यो लंगडा राखणदार. पंच्याण्णव साली त्यो जीपवर डायव्हर व्हता, निलंग्याची पोरं लातूरला क्लासला आणायचा. एक दिवस सकाळी सपाट रस्त्यावर जीप कडेच्या चारीत गेली. पोरं वाचली, हात-पाय मोडले कुणाकुणाचे. व्यंकटीचा उजवा पाय गुडघ्यातनं चेंदला. त्यो येकच सांगत व्हता, "साठच्या वर गेलं की ष्टेरिंग हातात ऱ्हात न्हव्हतं." मालकानं मला बोलावलं, चार माणसांत विचारलं. परवाच जीप माझ्या फरशीवरनं गेलेली. मी छाती काढून बोललो, "माझ्या हातची गाडी डुलत न्हाई. डायव्हरचा डोळा लागला असंल." झालं. माझ्या शब्दाला वजन व्हतं. व्यंकटीला परत कुणी चाकाला हात लावू दिला न्हाई.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणलो. येका माणसाचे अन् दुसऱ्या माणसाचे शब्द सारखे आसू शकतात की. मी रागारागानं पुढचं चाक खोलायला घेतलं. बेअरिंगची वाटी हातातनं सटकली, छर्रे फरशीवर सांडले अन् घरंगळत गाडीखालनं मागच्या भितीपशी गेले. मी उठलोबी न्हाई.

"अहो, छर्रे!" सर म्हणले.

"जातात कुठं! माझ्या गॅरेजात हरवलेलं कायबी मागच्या भितीपशीच घावतं. नट असो, बोल्ट असो." मी हसलो.

सर हसले न्हाईत. खाली बसले. येक छर्रा उचलून आणला, गाडीच्या नाकापशी ठेवला अन् सोडला. त्यो थांबलाच न्हाई, परत मागं गेला. "चांदभाई, हे कधीपासून?"

"लई दिवस झाले. त्या भूकं..."

मी मागच्या भितीकडं बघितलं.

सर हळू बोलले, "फरशीला मागं ढाळ आहे."

माझं टाळकं सटकलं. "सर, पोरांना शिकवता ते तिकडं शिकवा! अब्बांची फरशी हाय ही!" शहजादीला हाक मारली, घरातनं मोठी थाळी मागवली. चाक परत चढवून गाडी ढकलून बाजूला केली. मधोमध थाळी ठेवली अन् अब्बा वतायचे तशी काठोकाठ भरायला लागलो. भरलीच न्हाई. मागच्या काठावरनं पाणी सांडायलं अन् पुढचा काठ कोरडा ठणठणीत. थाळी उचलली, दुसऱ्या फरशीवर ठेवली. तिथंबी तेच. तिसरीवरबी तेच. शहजादी पदर तोंडाला लावून उभी. सरांनी समोरच्या बांधकामावरनं गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली, दोन टोकं धरून मापलं. पुढच्या चाकाच्या जागेपासून मागच्या चाकाच्या जागेपर्यंत दोन बोटं खाली.

भूकंपाच्या त्या पहाटे मागची भित तडकली व्हती. ती मी बुजवली, चुना मारला, अल्लाचे आभार मानले. फरशी बघितलीच न्हाई. किल्लारीकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली व्हती दारात, कुणाला येळ व्हता? अन् अब्बांच्या फरशीवर परत थाळी ठेवायची म्हंजी अब्बांवर शक घ्यायचा. माझ्यानं ते व्हायचंच न्हाई.

मागं ढाळ म्हंजी गाडीचं नाक वर. नाक वर म्हंजी झोक आहे त्याच्यापेक्षा जादा दिसणार. अन् जादा दिसला की मी काढणार. सरांच्या पत्र्या काढल्या तशा. जीपच्या पाट्याखालच्या, झोक धरणाऱ्या पाचरी काढल्या तशा. काढल्या व्हत्या. मीच. ह्याच हातानं. व्यंकटी जीप न्यायला आला तवा चहा पाजला व्हता त्येला.

किती गाड्या? पाच वर्षं! हळू चालणाऱ्या टेंपोला, रिक्षाला काय समजतंय? बैलगाडीच्या चालीनं कुठलीबी गाडी सरळच चालती. येगात जाणाऱ्यालाच कळणार, अन् ज्याला कळलं त्येला मी खोटं पाडलं.

"अजून खात्री नाही," सर म्हणले. माझं तोंड बघून दया आली असंल. "सपाट जागी लावून बघू."

क्लासच्या मागं सरांनी नवं काँक्रीट टाकलं व्हतं. गेट व्यंकटीनंच उघडलं. "या चांदभाई," म्हणला. मी वर बघितलं न्हाई. काँक्रीटवर नळी धरली, रेघभर फरक न्हाई. मग परत मापलं. झोक निम्माबी उरला न्हव्हता. काढलेल्या तीनी पत्र्या बसवल्या, वर आजून येक घातली, कारण शंभरला मुळातच थोडी कमी पडत व्हती.

औसा रोडला सर चालवायला अन् मी बाजूला. साठ झाले. सत्तर. खरं सांगतो, त्या घडीला माझ्या मनात येकच हलकट दुवा व्हती, डुलू दे. या अल्ला, येवढी येक बार डुलू दे, म्हंजी खोट गाडीतच निघंल, फरशीत न्हाई, माझ्यात न्हाई. ऐंशी. शंभर. सरांनी येकशे दहावर दोन्ही हात ष्टेरिंगवरनं उचलले. गाडी सुतात. केसभर हालली न्हाई.

"चांदभाई, कमाल केली तुम्ही!" सर वाऱ्यात ओरडले. मला रडू फुटलं. सरांना वाटलं, वाऱ्यानं डोळ्यात पाणी आलं.

परत आलो तवा क्लास सुटला व्हता. गेटात पोरांची ही गर्दी. व्यंकटी येका पायावर उडत, शिट्टी वाजवत पोरं बाजूला करून राहिला व्हता. मी गाडीतनं उतरलो अन् त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. आजवर त्येला अरेतुरे करायचो. तोंडातनं निघालं, "व्यंकटीभाऊ."

त्यो दचकला. "काय हो, काय झालं?"

"ती जीप. चूक माझी व्हती. माझी फरशी भूकंपात खचली व्हती, मी मापलं ते सगळं उलटं मापलं. पाचरी मी काढल्या. तुमचं खरं व्हतं. साठच्या वर ष्टेरिंग हातात ऱ्हाणारच न्हव्हतं." पोरं थांबून बघाय लागली. मी आवाज आजून चढवला, चार माणसांतच त्येला बुडवला व्हता मी. "ह्यांची चूक न्हव्हती! माझी व्हती!"

मला वाटलं, हाणंल. हाणावं असंबी वाटलं. व्यंकटीनं गळ्यातली शिट्टी हातात गच्च धरली.

"म्या पैल्यांदा लई भांडलो," त्यो हळू म्हणला. "मग समदेच म्हणायले. तुमी म्हणला, मालक म्हणला. घरात माझी बायकू चांगुणाबाईबी म्हणली, आदल्या राती उसाला पाणी देत जागला व्हता, लागला असंल डोळा. मग मलाबी तसंच वाटाय लागलं. पोरायच्या किंकाळ्या आठवल्या की म्हणायचो, व्यंकटी, तू झोपलास." त्येनं माझा हात धरला. "चांदभाई, म्हंजी म्या जागा व्हतो?"

"जागा व्हता," मी म्हणलो.

"परत म्हणा," त्यो म्हणला.