मंडळींना विष घातलं

“बाबा, तुम्ही शाळेत कुणाला विष घातलंत?”

औषधवाल्यांनी ताटावरून मान वर केली. मुलगी त्यांचा फोन हातात घेऊन समोर उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मंडळींना. का गं? वास सुटला का?”

मग मुलीला जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना.

औषधवाले म्हणजे उंदीर-झुरळं मारणारे. उभा जन्म लोकांच्या माळ्यांवर, मोऱ्यांमध्ये आणि कपाटांमागे गेला. गिऱ्हाइकाच्या दारात ‘उंदीर’ हा शब्द काढायचा नाही, असा त्यांच्या उस्तादांचा दंडक होता. खाणावळीत चार माणसं जेवत असताना ‘उंदीर कुठे दिसले?’ असं विचारलं, तर मालकाने तोंड कुठे लपवायचं? म्हणून ‘मंडळी’. मंडळींचं येणंजाणं कुठून, मंडळींना पिल्लं आहेत का, असं सगळं साळसूदपणे विचारायचं. हा शब्द जिभेवर इतका बसला की घरीही तोच.

आदल्या संध्याकाळी त्यांनी बायकोला संदेश पाठवला होता: ‘आज शाळेतल्या मंडळींना विष घातलं. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. सकाळपर्यंत सगळी आडवी.’

तो संदेश जसाच्या तसा आता फोनवर झळकत होता आणि खाली लिहिलं होतं, तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. तिचा फोन इस्पितळातच गहाळ झाला, नंबरही कधीच बंद पडला. हयात होती तेव्हा असल्या संदेशावर ‘बरं झालं, येताना साबण आणा’ असं उत्तर यायचं. आता उत्तर येणार नाही हे काय त्यांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण तिला सांगितल्याशिवाय कामाचा दिवस संपायचाच नाही, त्याला कोण काय करणार!

हसता हसता मुलगी एकदम गप्प झाली.

“बाबा, आईने पाठवलेले आवाज पण त्याच खात्यात आहेत.”

“असू देत की. फोन माझा, माझ्या खिशात असतो. माझ्या खिशात कोण हात घालतंय?”

“फोन तुमचाच आहे हो. पण मागे तो भरला होता ना, तेव्हा मीच सगळं या संदेशांच्या कंपनीकडे हलवलं. इथे नुसती यादी दिसते. आवाज तिकडे आहेत. मला काय माहीत असं होईल!”

“म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर,” औषधवाले म्हणाले. “आणि मालक येऊन गाठोडी सोडून बघतो.”

“मालक नाही, यंत्र बघतं.”

“मग त्या यंत्राला मंडळी म्हणजे काय ते कुणी शिकवलं नाही वाटतं.”

त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच खटपटीनंतर कंपनीतली एक मुलगी फोनवर आली. गोड बोलत होती बिचारी.

“काका, काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय. तुम्ही फक्त परवानगी द्या. आमची माणसं तुमचं आणि काकूंचं सगळं बोलणं तपासतील आणि खातं सुरू करतील.”

“सगळं? शाळेचा तेवढा एक संदेश बघा की! वाटलं तर शाळेतल्या बाईंना विचारा, उंदीर मेले का म्हणून.”

“तसं नाही करता येत, काका. लिहिलेलं, आवाजातलं, सगळंच ऐकावं लागतं.”

“आणि परवानगी नाही दिली तर?”

“महिनाअखेरीला सगळं पुसलं जाईल.”

औषधवाले तिच्यावर चिडले नाहीत. शाळा आणि विष हे दोन शब्द एका ओळीत आले तर कुणीतरी धावून जायलाच हवं, हे त्यांना पटत होतं. आपलं मूल त्या शाळेत असतं, तर आपणही म्हटलंच असतं, बघा, आधी बघा.

पण त्या आवाजांचं काय?

त्यांच्या घराच्या भिंती पातळ. शेजारी शिंकला तरी इकडे कळायचं. बायकोला मनातलं काही बोलायचं असलं की ती मोरीतला नळ सोडायची, खाली बादली ठेवायची आणि पाण्याच्या आवाजात बोलायची. दोघांचं भांडण, लाडीगोडी, पैशाची ओढाताण, सगळं त्या नळाखाली. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ती भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेली. तिथला नळ सोडला आणि फोन तोंडाशी धरला. ‘अहो, हे फक्त तुम्ही ऐका,’ अशी सुरुवात होती. पुढे काय म्हणाली? ते नाही सांगणार. तिने आपल्याला ऐका म्हटलेलं नाही.

महिना संपत आला तशी मुलगी रोज संध्याकाळी येऊ लागली.

“बाबा, ती माणसं दिवसभर हेच ऐकतात. त्यांना काय पडलंय आपल्या घरचं?”

“मलाही लोकांच्या कपाटामागे काय सापडलं याचं काही पडलेलं नसतं. तिथलं तिथेच विसरतो मी. पण मी कडी वाजवून आत जातो गं. आणि मी यायच्या आधी लोक आपल्या हाताने कपाट आवरतात. तिला आता काय आवरता येणार आहे?”

“म्हणजे पुसू द्यायचं सगळं?”

औषधवाल्यांनी फोन उचलून खिशात घातला.

“तुम्ही निदान ऐकलंत तरी,” मुलगी रडायलाच लागली. “मला आईने कधी आवाज पाठवलाच नाही. ‘जेवलीस का’ एवढं लिहायची. तिचा आवाज आता मला नीट आठवत पण नाही, बाबा.”

हे त्यांच्या काळजाला लागलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला. ‘परवानगी आहे’ समोरच्या चौकोनावर बोट नेलं. कितीतरी वेळ ते बोट तिथेच अधांतरी राहिलं. तिचा आवाज त्यांनाही हवा होता, जीव तुटत होता त्यासाठी. शब्द तर पाठ होते, पण शब्द पाठ असून काय करायचं? ती ‘अहो’ म्हणताना जो श्वास घ्यायची, तो कुठून आणायचा?

त्यांनी फोन पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी मुलगी आली. पालथा फोन बघून समजायचं ते समजली आणि तशीच परत जायला वळली.

“थांब,” औषधवाले उठले. त्यांनी मोरीतला नळ सोडला, खाली बादली सरकवली. “ये अशी. त्यात तुझ्याबद्दल जे होतं ना, ते तुझं आहे. तेवढं सांगतो. दार लोटून घे.”

मुलीने दार लोटून घेतलं.

शेजारच्या घरात त्या संध्याकाळी नुसतं पाणी ऐकू येत होतं. बादली भरली, वाहू लागली, तरी बराच वेळ नळ कुणी बंद केला नाही.