बुधीची कूस

"काल काय चारलं हिला?" जनावरांच्या डॉक्टरने गायीच्या फुगलेल्या डाव्या कुशीत मूठ रुतवून बघितली आणि मान वर केली.

गोठ्याच्या दाराशी टेकचंद उभा होता. त्याच्या मागे पदर तोंडाशी धरून त्याची बहीण प्रेमिला. काल त्यांच्या आईची, सुशीलाबाईची तेरवी झाली होती आणि आज सकाळी तिची गाय बुधी आडवी पडलेली सापडली होती.

"भात," टेकचंदची बायको देवकाबाई म्हणाली. "सगळ्या गावानं चारला. म्हातारीची गाय म्हनून जो जेवला त्यानं एक एक मूठ हिच्या म्होरं टाकली." मग जरा थांबून म्हणाली, "आन सरतेशेवटी उरलेलं घमेलं मीच हिच्या म्होरं रिचवलं."

टेकचंदने चमकून तिच्याकडे बघितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अहो बाई, इतका शिजवलेला भात म्हणजे गायीला विषच की! आंबला तो पोटात." डॉक्टरने सलाईन लावलं, सुई टोचली, बाटलीत खायचा सोडा कालवून तिच्या घशात उतरवला. निघताना मोटारसायकलपाशी थांबून म्हणाला, "दोन-तीन दिवस ही उठणार नाही. वाळल्या तनशीशिवाय, भाताच्या पेंढ्याशिवाय, काही देऊ नका. आणि दर दोन तासांनी कूस पालटत राहा. एकाच कुशीवर राहिली तर खालचा पाय मरतो. मग पोट सुधारलं तरी गाय काही उठत नाही."

देवकाबाईला हसू फुटलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी हसणं बरं दिसत नाही म्हणून तिनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला. प्रेमिलाला वाटलं, वहिनी रडते आहे.

दोन वर्षं आणि तीन महिने देवकाबाईनं दुसरं केलं काय होतं? सासू न्हाणीत पडली, कंबर मोडली आणि खाटेला खिळली. तेव्हापासून दर दोन तासांनी उजवी कूस, पाठ, डावी कूस. पाठीमागे गोधडीची गुंडाळी, गुडघ्यांच्या मध्ये उशी. म्हातारी गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक जखम नव्हती. आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, मोठी पुण्यवान बाई. पुण्य सासूचं आणि कंबर सुनेची, हे बोलायची ती वेळ नव्हती.

तेरवी झाली की झोपायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. ना तीर्थाला जायचं, ना माहेरी. फक्त एक सबंध झोप. काल पाहुणे पांगले तेव्हा घमेलंभर भात उरला होता. तो तलावात मासोळ्यांना नेऊन टाकायचा रिवाज. पण टेकचंदच्या खापरपणज्यानं खोदवलेला तो तलाव गावाच्या पार त्या टोकाला, आणि देवकाबाईचे पाय उचलत नव्हते. समोर बुधी मान लांबवून उभी होती. "घे माय, तू तरी खाय," म्हणत तिनं घमेलं ओतलं आणि अंग टाकलं. एवढाच तिचा अपराध.

"मायनं आपली गाय संगं नेली, असंच म्हनतीन लोकं," प्रेमिला म्हणाली. तिनं बुधीला हळदकुंकू लावलं, दोनदा पाया पडली आणि दुपारच्या गाडीनं फुलचूरला आपल्या घरी गेली. प्रेमिलाची माया अशीच होती, गाडीची वेळ सांभाळून येणारी.

संगं नेली म्हणे! देवकाबाईच्या मनात ते दिवसभर सलत राहिलं. म्हातारी नेत नव्हती, आपणच धाडत होतो. बुधी मेली तर आपल्या घशाखाली भाताचा घास उतरायचा नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. आणि या मुलखात भात सोडून माणूस खाणार तरी काय? गोठ्यात दोन महिन्यांचं वासरू हंबरत होतं. त्याला ओढून आईजवळ नेलं तर बुधी त्याला चाटतही नव्हती.

माणूस एकट्यानं पालटता येतं, गाय नाही. तिनं टेकचंदला हाक मारली. तो आला आणि गायीचे पाय धरून ओढायला लागला.

"अजी, ओढू नोका तिले! गुडघा टेका. खांदा लावा तिच्या पाठीले. आता दम धरा."

"कायले?"

"तिनं श्वास सोडला का मंग ढकला. श्वास सोडला का आंग हलकं होते."

बुधीनं कण्हत श्वास सोडला. दोघांनी ढकललं. पुढचे पाय पोटाशी दुमडून देवकाबाईनं तिला छातीवर बसती केली, तनशीनं भरलेलं पोतं कुशीला लावलं आणि दबलेला मागचा पाय चोळायला घेतला. चोळता चोळता तिच्या तोंडून सवयीनं गेलं, "झालं, आत्याबाई, झालं."

टेकचंद तिच्याकडे बघत राहिला. त्याला धाप लागली होती.

"मायले तू एकटीच पालटत होतीस?"

"मंग कोन येत होतं?"

"मले काऊन नाई बलावलं?"

"तुमी अंगनात तर बसून राहत होते. कन्हनं आयकू येत नोयतं का?"

पुढच्या वेळेस तिनं हाक मारायच्या आधीच टेकचंद गोठ्यात आला होता, गुडघा टेकून.

दोन दिवस असे गेले. सोडा, सलाईन, मुठीमुठीनं तनस आणि कूस. पहिल्या दिवशी शेण आंबूस, पाण्यासारखं. दुसऱ्या दिवशी जरा घट्ट. देवकाबाईला आता चीडही येत नव्हती. हात आपोआप चालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोतं सारखं करायला वाकली, तर बुधीचा जबडा हलत होता. रवंथ! तिनं टेकचंदला खूण करून गप्प बसवलं, जणू बोललं तर बुधी पुन्हा थांबेल.

ऊन गोठ्यात आलं तेव्हा कुणी काही न करता बुधीनं मागचा भाग उचलला, गुडघ्यांवर एकदा डळमळली आणि उभी राहिली. वासरू धावत जाऊन तिच्या कासेला भिडलं.

"उभी रायली! अवो, उभी रायली!" टेकचंद ओरडला.

देवकाबाई मात्र कुशीच्या पोत्यावर बसली. तेच हात, तसंच पालटणं, आणि ही तीन दिवसांत उठली. आत्याबाई सव्वादोन वर्षांत एकदाही उठल्या नाहीत. शेवटी शेवटी तर आपणच देवाला म्हणत होतो, सोडव बापा हिला, आणि मलाही. हे आठवून तिला रडू आलं. तेरा दिवसांत आलं नव्हतं ते सगळं आलं. टेकचंदला वाटलं, गाय वाचली म्हणून रडते आहे. त्याचंही काही अगदीच खोटं नव्हतं.

"तू झोप आता," तो म्हणाला. "मी पायतो सगळं."

तिनं ओसरीवर चटई टाकली आणि पडल्या पडल्या तिचा डोळा लागला.

मग तो आपोआप उघडला. ऊन अंगणातून कुडाच्या भिंतीवर सरकलं होतं. दोन तास झाले. उजवी झाली, आता डावी. ती हातावर रेटून अर्धी उठली. समोर म्हातारीची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. गोठ्यातून बुधीच्या गळ्यातलं लोढणं पायांवर आपटल्याचा आवाज आला. ती चालत होती. पालटायला कुणीच उरलं नव्हतं.

देवकाबाई परत आडवी झाली, स्वतःची कूस पालटली आणि तिनं डोळे मिटले.