सगळे कारखाने दाखव

"कार्ला फाट्यापासून सुरू करू," मोबाईलवरचा नकाशा आईसमोर धरत प्रदीप म्हणाला. "तितं फजचं मोठं दुकान हाय, मागंच बनवत्यात. मग लोणावळ्यात तुजा जुना चिक्कीचा कारखाना. मग वलवणचं चॉकलेटवालं. आन येताना कामशेतला नवीन झालाय तो."

"आन गोळ्यांचा?" खाटेवरून येसूबाईनं विचारलं.

"कुटल्या गोळ्यांचा?"

"लिमलेटच्या गोळ्या करत्यात, तसला. असंल की कुटं तरी. समदं दाखव मला. एक बी सोडायचा न्हाई."

यशोधरा इतका वेळ दाराला टेकून उभी होती. तळेगावच्या हॉस्पिटलातली पाळी संपवून ती तशीच भाजे गावी माहेरी आली होती. अंगात अजून नर्सचा पांढरा ड्रेसच होता.

"प्रदीप, ठेव तो मोबाईल खाली," ती म्हणाली. "आईच्या पायाचा वास येत नाही का तुला?"

प्रदीपनं मान खाली घातली. वास त्यालाही येत होता. म्हणून तर त्यानं सकाळीच उदबत्ती लावली होती.

येसूबाईच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. भातखाचरात काहीतरी टोचल्याचं निमित्त झालं. साखर तर अंगात जुनीच होती. यशोधरानं तिला स्वतःच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाय कापावा लागेल, आणि जितका उशीर कराल तितका वरून. येसूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सही करायला साफ नकार दिला. "मरीन तर दोन पायांवर मरीन," असं म्हणून ती रिक्षा करून घरी निघून आली. यशोधरानं समजावलं, रडून पाहिलं, शेवटी भांडणही केलं. काही उपयोग झाला नाही. आणि आज सकाळी अचानक येसूबाईनं मुलापुढं ही अट टाकली होती. प्रदीप शनिवार-रविवारी पर्यटकांना गाडीतून हेच सगळं दाखवत फिरायचा. तेच आपल्याला दाखव, मग सहीचं बघू.

"साखरेनं पाय सडलाय आणि बाई निघाली चॉकलेटं बघायला," यशोधरा म्हणाली.

"खानार न्हाई गं मी. बघनार फकस्त."

"आणि मग सही करशील?"

"मग सांगीन."

यशोधरानं आईचा हात हातात घेतला. हात गरम होता. ताप मोजला तर फार नव्हता, पण होता. हो म्हणावं तर अख्खा दिवस वाया जाणार, नाही म्हणावं तर ही बाई खाटेवरून उठणार नाही. तिनं ड्रेसिंगचं सामान पिशवीत भरलं. "चल," ती भावाला म्हणाली. "पण ताप चढला तर गाडी सरळ तळेगावला. तिथं कुणाचं ऐकणार नाही मी."

कार्ल्याच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. काचेमागं फजच्या वड्या रचलेल्या, लोक चमच्यावर चव घेऊन बघत होते. येसूबाई प्रदीपच्या खांद्याचा आधार घेत आत गेली, पण तिनं वड्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्याच्या मागं पडदा होता, ती मान वाकडी करून त्या पडद्यापलीकडं बघत राहिली.

"आत बांधायला बाया किती हायेत गं?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"काम पाहिजे का आजी? सध्या जागा नाही."

"काम न्हाई. बाया कोन कोन हायेत, इचारते."

मुलगी गोंधळली. आत दोघीच होत्या, दोघीही तरुण. येसूबाई लगेच मागं फिरली. "चला म्होरं," ती म्हणाली.

यशोधराला तेव्हाच शंका आली. जिला कारखाने बघायचेत ती माणसं कशाला मोजतेय?

लोणावळ्यात पोचायलाच दुपार झाली. जुन्या हायवेवर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. कारखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता, आणि गल्लीच्या तोंडाशीच गुळाच्या पाकाचा वास आला. याच वासात यशोधरा आणि प्रदीप लहानाचे मोठे झाले होते. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या लुगड्याला, केसांना हाच वास असायचा. गरम चिक्की ओट्यावर ओतली की थंड व्हायच्या आत लाटावी लागते. येसूबाईनं सगळं तरुणपण त्या ओट्याशी उभं राहून घालवलं होतं. नवरा, सीताराम, लवकर गेला. त्यानंतर तर उभं राहण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

आत आता टोप्या आणि हातमोजे घातलेल्या नव्या बायका होत्या. कोपऱ्यातली एकच ओळखीची निघाली, रेणुका. ती धावत आली.

"येसूमावशी! अगं बाई, किती वाळलीस!"

"रेणके, बया कुटंय?" येसूबाईनं विचारलं. "आपली बयाबाई. तिचा पाय कापला म्हनं, खरं हाय का?"

"खरंय की. साखरच व्हती तिला बी. लेकीकडं गेली ऱ्हायला."

"आन कामाला जाती म्हनं? बाजारात एक बाई सांगत व्हती. पाय नसून कुटल्या तरी गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात जाती."

"आसं आमी बी आयकलंय. कुनी म्हनतं वलवण, कुनी म्हनतं कामशेत. डोळ्यांनी न्हाई बघितलं."

यशोधरानं प्रदीपकडं पाहिलं. त्यालाही हे नवं होतं.

गाडीत बसल्यावर यशोधरानं विचारलं, "आधी का नाही सांगितलंस आई? मी शोधून दिलं असतं."

"तू सांगितलं आसतंस, व्हय, जाती ती कामाला. तुला सहीच पायजे. मला बघायचंय." येसूबाईनं डोळे मिटले. "तू रोज आसली मानसं बघतीस. बरी झाली की घरी जात्यात. म्होरं काय व्हतं त्यांचं, तुला तरी कुटं ठावं?"

खरंच, हॉस्पिटलच्या गेटपासून पुढं यशोधरानं कुणालाच पाहिलं नव्हतं.

गाडी अडकली होती. पुढं बस, मागं बस, सगळीकडं हॉर्न. यशोधरानं पुन्हा ताप बघितला, तो चढला होता. आईला हुडहुडी भरत होती. पट्टीच्या वर, घोट्यापर्यंत, कातडी लाल होऊन तकाकत होती. सकाळी तिथं लाली नव्हती.

"प्रदीप, वलवण नको. वळव गाडी. तळेगाव."

"वळवलीस तर मी हितंच उतरंन," येसूबाई म्हणाली. बोलताना तिचे दात वाजत होते, पण हात दाराच्या कडीवर होता.

"आई, अगं जीव जाईल!"

"जाऊ दे."

प्रदीप स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "कामशेत तळेगावच्याच वाटेवर हाय. वलवण सोडू. कामशेतला थांबू. मिळाली तर मिळाली. न्हाई तर आईला उचलून नेऊ, शिव्या दिल्या तरी."

यशोधरानं मान डोलावली. त्यानं गाडी तुंगार्लीच्या आतल्या रस्त्यानं घातली, जिथं तो पर्यटकांना कधी नेत नसे, आणि खड्ड्यांतून हादरे खात ते हायवेला लागले. वाटेत यशोधरा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिच्याशी बोलत राहिली. काय बोललो ते नंतर तिला आठवेना.

कामशेतच्या कारखान्याचं फाटक बंद होतं. "परवानगीशिवाय आत सोडत न्हाई," वॉचमन म्हणाला.

"आत बयाबाई म्हणून कुणी आहे का? तिला तरी बाहेर बोलवा," यशोधरानं हात जोडले.

"बयामावशी व्हय? ती कशी येनार पटकन? पाय न्हाई तिला."

गाडीच्या मागच्या सीटवर येसूबाई उठून बसली.

वॉचमननं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि फाटक उघडलं.

बयाबाई पत्र्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चॉकलेटं कागदात बांधत होती. भिंतीला दोन कुबड्या टेकवलेल्या. तिनं वर पाहिलं आणि हातातला कागद तसाच राहिला.

"येसे? तू गं?"

"पाय दाखव तुजा," येसूबाई म्हणाली. बाकी काही नाही.

बयाबाईनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि लुगडं वर घेतलं. उजवी मांडी अर्ध्यातच संपत होती. येसूबाईनं वाकून त्यावर हात ठेवला.

"दुकतो?"

"नसलेला दुकतो. बोटं खाजवत्यात, जी न्हाईतच."

"मोरीत कशी जातीस?"

"जावयानं खुर्ची करून घेतलीया. आदी लाज वाटायची. आता न्हाई वाटत."

"रडलीस?"

"लय. आजून बी रडते कंदी. पन घरात बसून तरी किती रडायचं? हितं रिक्षावाला आनून सोडतो." बयाबाई बोलता बोलता थांबली. तिची नजर येसूबाईच्या पट्टीवर गेली होती. तिनं श्वास आत ओढला. तो वास तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "मला डाक्तर फकस्त आंगठा म्हनला व्हता, येसे. मी न्हाई म्हनले. आडून बसले. मग हितवर गेलं," आणि तिनं मांडीवर आडवा हात फिरवला. "तू कवाची बसलीस?"

येसूबाईनं पट्टीचा पाय लुगड्याआड ओढला.

"मग हितं काय करतीस?" बयाबाई एकदम ओरडली. शेडमधल्या सगळ्या बायका वळल्या. "ऊठ! जा!"

येसूबाईनं लेकीकडं हात केला. "चल गं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. अंगात ताप असूनही सही करताना येसूबाईनं नाव पुरं लिहिलं. गुडघा वाचला, त्याच्या खालचा पाय गेला. "गुडघा वाचला हे नशीब," डॉक्टर म्हणाले. सकाळीच आणलं असतं तर घोटा वाचला असता का, हे यशोधरानं त्यांना कधीच विचारलं नाही. रोज वॉर्डात फिरताना तो प्रश्न तिच्याबरोबर असायचा. पण घरी गेलेल्या माणसांना ती आता अधूनमधून फोन करायची.

टाके वाळले, येसूबाई कुबड्यांवर अंगणापर्यंत जाऊ लागली, तेव्हा एके दिवशी तिनं प्रदीपला बाजारातून नवी चप्पल आणायला सांगितलं. प्रदीप घुटमळला.

"जोडच मिळतो आई. एक कुनी देत न्हाई."

"मग जोडच आन की."

त्यानं आणला. येसूबाईनं उजवी चप्पल पायात घातली, दोनदा अंगठा हलवून पाहिला. डावी तिनं पिशवीत घालून यशोधरापुढं सरकवली.

"जाता जाता कामशेतला उतर. बयाला दे."

बयाबाईनं पिशवी उघडली. जुनी झिजलेली चप्पल तिनं डाव्या पायानंच खुर्चीखाली ढकलली आणि नवीत पाय घातला.

"जरा सैल हाय," ती म्हणाली. "चालंल." आणि तिनं पुढचं चॉकलेट बांधायला घेतलं.