जागा शिल्लक नाही

मी प्रिंटर दुरुस्त करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं माझ्या खात्यात येतं. मिक्सर, दाराची बेल, बँकेचं ॲप, शेजारच्या काकूंचा टीव्ही. आठवडाभर लोकांच्या ऑफिसांत गुडघे टेकून मशीनच्या पोटातून कागदाचे कपटे ओढायचे, आणि सुट्टीच्या दिवशी जरा पाठ टेकावी म्हटलं की ताईचा फोन: तुला काय, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचं काम म्हटलं की मी हल्ली दुपारचा डबा बरोबर घेऊनच निघते.

या खेपेला मात्र टाळण्यासारखं नव्हतं. ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या मुलीने, माझ्या भाचीने, त्यांच्याकडून रोज लागतील ती वाक्यं बोलून घेतली आणि फोनवर एक ॲप बनवून दिलं. मोठी मोठी बटणं. 'ब्रेक' दाबलं की दाजींच्या आवाजात 'ब्रेक'. क्लच हळू सोड. आरशात बघ. पाणी दे. दुखतंय. नको. त्या बटणांच्या जोरावर दाजी पुन्हा शिकवायला जाऊ लागले होते. आयती मिळणारी बोलणारी ॲपं त्यांनी वापरून पाहिली होती, नाही असं नाही. पण त्यात शब्द टाइप करेपर्यंत गाडी भिंतीला टेकायची, आणि त्यातली ती बाई 'ब्रेक' अशा सुरात म्हणायची की जणू उद्याचं हवामान सांगतेय.

तर तो फोन गेला. दाजी गाडीच्या मागे उभे राहून एका बाईंना रिव्हर्स शिकवत होते. त्यांनी 'ब्रेक' दाबलं, बाईंनी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. दाजींनी बाजूला उडी मारली म्हणून वाचले. फोन हातातून सुटला आणि चाकाखाली आला. स्कूलच्या मालकाने गोड शब्दांत सांगितलं की सोमवारी बोलता येणार असेल तर या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. त्याचंही बरोबर आहे. पण ते ऐकल्यापासून दाजी दोन घास कमीच जेवतात, असं ताई म्हणाली.

नवीन फोन आणला होता. पण हे ॲप कुठल्या दुकानात मिळणारं नव्हतं, ते पुन्हा बनवूनच फोनमध्ये घालावं लागणार होतं. बनवणारी भाची मालवाहू जहाजावर नोकरीला. घरात तिला सगळे कॅप्टन म्हणतात, जहाजावर तिच्या खाली बहुधा फक्त मांजर असेल. तिने बंदर सोडता सोडता मला निरोप पाठवला होता. 'मावशी, सोपं आहे. सगळं सामान घरच्या कॉम्प्युटरवर आहे. फक्त ॲप बनवायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल कर, माझं काम त्यात उघड, फोन जोड आणि हिरवा बाण दाब.' मग जहाज रेंजच्या बाहेर गेलं. आता ते दुसऱ्या बंदराला लागेपर्यंत मी आणि तो हिरवा बाण.

सोपं आहे म्हणणाऱ्या माणसांना एकेकाला धरून माझ्या कामावर बसवायला पाहिजे.

रविवारी सकाळी मी त्यांच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसले. एका बाजूला इस्त्रीचे कपडे, दुसऱ्या बाजूला गव्हाचं पीठ ठेवायचा डबा, मधे टेबल आणि त्यावर तो जुनाट कॉम्प्युटर, जो सुरू होताना अंगात आल्यासारखा थरथरतो. सॉफ्टवेअर डाउनलोड करायला लावलं. त्याने जागा आहे का ते तपासलं, आहे म्हणाला. मी निर्धास्त झाले. इथेच माझं चुकलं, कारण ते सॉफ्टवेअर म्हणजे पाहुण्यांसारखं निघालं. आधी एकटं आलं, आणि बसल्यावर एकेकाला बोलवायला लागलं. हे आणा, ते आणा, याची नवी आवृत्ती आणा, नाही, इतकी नवी नको.

पहिल्यांदा अर्ध्यात एरर आला. काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. हे तर मलाही दिसत होतं. दुसऱ्यांदा म्हणाला जावा नावाचं काहीतरी लागतं, ते सापडत नाही. जावा घातलं, तर म्हणाला हे नव्हे, दुसरं. ते घातलं. मग एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली आणि शेवटाला येऊन अशी बसली की उठेचना. मी इंटरनेटवर शोधलं. हाच एरर जगभर लोकांना आलेला. प्रत्येकाने रडून प्रश्न विचारलेला, आणि खाली त्याच माणसाचं उत्तर: जमलं, सर्वांचे आभार. कसं जमलं ते सांगायला कुणाच्या बापाचं काय जात होतं कोण जाणे.

मी सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून घातलं. ताई मधेमधे येऊन पाठीमागे उभी राहायची. पाठीमागे कुणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं, पण तिला काय बोलणार. तिसऱ्या वेळी मी भाचीचं काम उघडलं आणि खालच्या चौकटीत लाल अक्षरांचा पाऊस पडला. पानंच्या पानं. माझ्या नाकी नऊ आले होते, डोळे चुरचुरत होते, डबा तसाच बॅगेत होता. मी तो उघडला आणि जेवता जेवता ती लाल अक्षरं तळापासून वरपर्यंत वाचायला घेतली, एकेक ओळ. सगळ्या बोंबाबोंबीच्या मधे एक साधी ओळ होती. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

सकाळी होती. मग या सामानाने खाल्ली असणार. पण हे सामान आत गेलं तरी तेवढ्याने एवढी मोठी डिस्क भरेल कशी? घरात ना कुणी सिनेमे बघणारं, ना गेम खेळणारं. मी कोणत्या फोल्डरने किती जागा धरलीय ते बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

आवाज. आवाज २. आवाज नवीन. आवाज खरा. आवाज हात लावू नये. भाचीने ऑपरेशनच्या आधी दाजींना समोर बसवून तीन संध्याकाळ रेकॉर्डिंग केलं होतं, ते सगळं न कापलेलं, जसंच्या तसं ठेवलेलं. मुळातच जड. आणि गेले दीड-दोन महिने ताई दर आठवड्याला लादी पुसून झाली की हात कोरडे करून बसायची आणि त्या फोल्डरची कॉपी करायची. तीही एकाच्या शेजारी दुसरी नव्हे. ती मोठ्या फोल्डरमधलं सगळं निवडायची आणि त्याच्याच पोटात नवा फोल्डर करून त्यात चिकटवायची. म्हणजे दर आठवड्याला होतं त्याच्या दुप्पट. मी एक उघडला तर त्यात सगळे, त्यातला एक उघडला तर त्यात पुन्हा सगळे. उघडून उघडून माझं बोट दुखलं, तळ काही लागेना.

मी ताईला बोलावलं आणि जमेल तितक्या शांतपणे सांगितलं की हे सगळं एकच आहे. मूळचं एक ठेवू, एक पेनड्राइव्हवर घालू, एक मी माझ्या घरी नेते. बाकीचं उडवू, म्हणजे जागा होईल, सॉफ्टवेअर बसेल, सोमवारी दाजी कामावर जातील.

ती नाही म्हणाली.

मी पुन्हा समजावलं. ती म्हणाली की फोनसुद्धा चांगलाच होता, गेला ना चाकाखाली. पेनड्राइव्ह हरवतात. तुझ्या घरी आग लागली तर? यातल्या नेमक्या कुठल्या कॉपीत सगळं नीट आहे हे तू बघितलंस का? मी म्हणाले, कॉपी म्हणजे कॉपी असते, त्यात नीट आणि वाकडी असं नसतं. ती म्हणाली तुझ्या प्रिंटरमधून तर निम्म्या वाकड्याच निघतात. मग मात्र माझा आवाज चढला. सकाळपासून इथे मान मोडून बसलेय, एवढं तरी ऐक, नाहीतर दाजींची नोकरी तुझ्या हाताने घालव. मला बोलायला नको होतं, पण दमलेलं माणूस जिभेला कुठवर आवर घालणार.

ताई इस्त्रीच्या कपड्यांवरच बसली. रडली नाही. खूप थकल्यासारखी बोलली.

"मला ह्यांचा आवाज आठवत नाही गं. ऐकल्याशिवाय आठवत नाही. फोन गेला त्या दिवसापासून मी आठवायला बघतेय, तर नुसते ओठ हलताना दिसतात. इथलं लावून ऐकायचीही भीती वाटते, हात लागून काही गेलं तर. हे तू पुसलंस आणि काही झालं, तर मी काय करू?"

मला वाटलं होतं ती हट्टाला पेटलीय. ती घाबरली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो हिरवा बाण, ते सॉफ्टवेअर, दाजींची नोकरी, सगळं गेलं खड्ड्यात असं वाटलं. दुसरा कॉम्प्युटर आणू, कुणाचा तरी मागू. पण रविवारच्या दुपारी कुणाचा मागणार, आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून तिथे बसवणार कधी?

दाजी कधी दारात येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांच्या गळ्याला नेहमीचा रुमाल होता. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही, पण सगळंच ऐकलं असावं. ते येऊन माझ्या खुर्चीत बसले आणि पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. मी मूळचा फोल्डर त्यावर घातला, दोन्हींचा आकार बरोबर जुळतोय ते त्यांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मग माउस स्वतःकडे ओढला आणि बाकीचे सगळे फोल्डर एकदम निवडले.

मशीनने विचारलं, कायमचं पुसायचं, नक्की? दाजींनी हो दाबलं. थांबले नाहीत, ताईकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी जुनी बिलं फाडून टाकावीत इतक्या सहज. मला ते थोडं लागलं, अगदी खरं सांगायचं तर. आपलाच आवाज, निदान क्षणभर तरी हात थबकावा. ताई उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे काढायला लागली, जे तिने आधीच काढलेले होते. रिकाम्या दोरीचे चिमटे ती एकेक करून काढत राहिली.

पुसायलाच बराच वेळ लागला. मग मात्र गाडी रुळावर आली. निळी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि तिथून पुढेही गेली. लाल अक्षरं आली नाहीत. फोन जोडला तर कॉम्प्युटरला तो दिसेना. माझा जीव पुन्हा टांगणीला. पण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं: ती केबल नुसती चार्जिंगची होती. माझ्या बॅगेत नीट केबल होती, ती लावली. फोनने विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का. मी म्हटलं ठेव बाबा, दुसरा इलाज आहे का.

हिरवा बाण उजळला. मी ताईला हाक मारली आणि ती येईपर्यंत थांबले. मग दाबला.

फोनच्या पडद्यावर बटणं उमटली. माझा जीव भांड्यात पडला. मी केबल काढून फोन दाजींच्या हातात दिला. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं आणि 'पाणी दे' दाबलं.

नवा फोन, चांगला स्पीकर. आवाज खोलीभर स्वच्छ ऐकू आला आणि मी चमकले. जुन्या फोनवर मी तो कितीतरी वेळा ऐकला होता, पण त्यात जी घरघर यायची ती स्पीकरची असं मी धरून चालले होते. माझ्या धंद्यात दोष आधी मशीनचाच असतो. हा दोष मशीनचा नव्हता. ऑपरेशनच्या आधीचा तो आजारी घसा होता, सुजलेला, खरखरणारा, दोन शब्दांनी दमणारा. दाजींचा आवाज असा नव्हताच कधी. ताईच्या लग्नाआधी ते आमच्याकडे यायचे तेव्हा खालून नुसतं 'आहे का कुणी घरात' म्हणायचे आणि वर तिसऱ्या मजल्यावर आई दार उघडायला उठायची. भरलेला, मोकळा आवाज, वाक्याच्या शेवटी थोडं हसू. तो अजून माझ्या कानात आहे. या कॉम्प्युटरवर तो कधीच नव्हता, पुसलेल्या एवढ्या सगळ्या कॉप्यांमध्येही नव्हता.

ताईने पदराने डोळे पुसले. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"हाच गं," ती म्हणाली. "अगदी हाच. पहिल्यापासून असाच बोलायचे हे."

मी तोंड उघडलं. दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून. त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं आणि त्यांनी ते एकट्याने किती दिवस पोटात ठेवलं होतं, देव जाणे.

"हो ताई," मी म्हणाले. "असाच बोलायचे."

दाजींनी तिच्यासाठी ते बटण पुन्हा दाबलं, आणि ती खरोखरच पाणी आणायला आत गेली.