दोन भोकं सोडून

मित्रांनो, मी करंगळीएवढ्या रुंदीची एक जुनी, मूळची पांढरी रेघ आहे. मावळात वडिवळ्याला सरूबाईंच्या घरी, मागच्या खोलीला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मी राहते. दुकानात मला सीलंट म्हणतात, कारागीर सिलिकॉन म्हणतात. सरूबाई ‘पांढरं लिंपण’ म्हणतात. मला तेच नाव आवडतं.

फट बुजवणं हे माझं काम. न्हाणीघरात फरशी भिंतीला मिळते तिथे, ओट्यावरच्या सिंकभोवती, पत्र्याच्या जोडावर, जिथे जिथे दोन वस्तू शेजारी असूनही एक होत नाहीत तिथे मी असते. माझे पूर्वज लाकडी गलबतांत होते. फळ्यांच्या सांध्यांत सुताचे धागे ठोकून त्यावर राळ भरत. एवढ्याशा भरावावर भरवसा ठेवून माणसं समुद्र ओलांडत, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म त्याहून नवलाचा. माझं मूळ वाळूत आहे. कारखान्यात त्या वाळूपासून कितीतरी पायऱ्यांनी माझा मऊ लगदा झाला आणि तो एका बंद नळीत भरला गेला. नळीत मी लोण्यासारखी होते. बाहेर आले, हवेतली वाफ मला लागली आणि मी घट्ट होऊ लागले. पाहा ना, पाणी अडवण्यासाठी जिला घडवलं, तिला घट्टपणा पाण्यानेच दिला!

कामशेतचा फिटर नथू याने मला इथे बसवलं. आधी त्याने फटीत खोलवर फोमची दोरी दाबली, मग मला भरलं. त्यामुळे मी फक्त भिंतीला आणि चौकटीला चिकटले, मागे कशालाच नाही. म्हणून मला ताणता येतं. ऊन चढलं की चौकट केसा-दोन केसांच्या जाडीने वाढते, पहाटे आक्रसते. कुणाला दिसत नाही. मला रोज जाणवतं, आणि रोज वाटतं, केवढं मोठं घर हे, आणि किती हळू श्वास घेतं!

खोलीत एक कणगी होती. बांबूची, शेणामातीने बाहेरून लिंपलेली. तिच्यात आंबेमोहोराचं बियाणं होतं. सरूबाईंना ते सासूने दिलं होतं. वर्षामागून वर्ष पेरून त्यांनी ते राखलं होतं. गावात आता दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. भिजून मोड आले असते, तर ते कायमचं गेलं असतं.

मला भरून झालं तेव्हा सरूबाईंनी कणगीवरून फिरवावं तसं माझ्यावरून बोट फिरवलं. चौकटीच्या खाली, बाहेरच्या अंगाला दोन बारीक भोकं होती. बोट तिथे थांबलं.

“नथू, ही भोकं कुणासाठी ठेवलीस रं? उंदराच्या सोयऱ्यांसाठी?”

“मावशी, ती कंपनीतनंच येत्यात. असू द्या.”

“मी कणगीला भोक ठेवते व्हय? मुंगी शिरंल. बुजव.”

“बुजवायची नसत्यात ती.”

“का पण?”

भोकं ठेवतात हे नथूला ठाऊक होतं. का ठेवतात हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्याने नळी उचलली आणि दोन्ही भोकांत मला भरलं.

त्या वैशाखात दुपारीच वळीव आला. वारा थेट खिडकीवर. गारा काचेवर आपटत होत्या. मी सगळ्या बाजूंनी स्वतःला ताणून धरलं. माझ्यातून एक थेंब आत गेला नाही. मला अभिमान वाटला, मित्रांनो, आणि तेवढ्यात मला खालचं दिसलं. काचेवरून ओघळलेलं पाणी खिडकीच्या पन्हळीत, म्हणजे काच सरकते त्या खाचेत, साचत होतं. बाहेर जायची त्याची वाट मीच अडवून बसले होते. पन्हळ काठोकाठ भरली आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीवरून कणगीकडे निघालं.

सरूबाईंची सून अनिता धावत आली. “आत्या, सिलिकॉन फुटलं वाटतं!”

सरूबाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. “फुटलंय कुटं? फुटलं असतं तर बरं झालं असतं.” मग त्यांची नजर भरलेल्या पन्हळीवर गेली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, ही कणगी न्हाई, भाताचं खाचर हाय! बांध घातला, अन् पाण्याला वाटच ठेवली न्हाई म्या!”

डोक्यावर पोतं घेऊन, खुरपं उचलून त्या गारांत बाहेर गेल्या. खुरप्याच्या टोकाने त्यांनी भोकांमधून मला उपटून काढलं. दोन धारा अंगणात पडल्या. पन्हळ भराभर उतरली.

पण कणगीच्या बुडाचं लिंपण चिखल झालं होतं. सरूबाईंनी खांद्यापर्यंत हात आत घातला, अगदी तळातली मूठ काढली आणि एक दाणा दाताखाली धरला.

कट्!

“वाळलेलाच हाय,” सरूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पाणी आत पोहोचण्याआधीच शेणामातीने ते स्वतः पिऊन घेतलं होतं. त्या ओल्या, फुगलेल्या लिंपणाकडे पाहून मला पहिल्यांदा कळलं की मी नवी असले तरी मोठी नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. दर वैशाखात सरूबाई माझ्यावरून बोट फिरवतात आणि त्या भोकांत खराट्याची काडी घालून पाहतात. आता मी पिवळी पडले आहे, एका कोपऱ्यात सुटले आहे. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी रेघ दिसली तर तिच्यावर नवा थर फासू नका. तो टिकत नाही. आधी जुनी खरवडा, फट पुसून कोरडी करा, मग भरा. आणि भरण्याआधी विचारा, ही फट कशासाठी आहे?

आज नथू मला काढायला आला आहे. त्याच्या हातात पातं आहे, पिशवीत नवी नळी. त्याने वळून विचारलं, “मावशी, सगळं बुजवू ना?”

“बुजव की, शाण्या,” आतून उत्तर आलं. “दोन भोकं सोडून.”