पाण्याचा चार्ज

दैवशालाचा फोन आला तेव्हा शिवगंगा प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. धाराशिवच्या या प्रयोगशाळेत गावोगावचं पिण्याचं पाणी तपासायला येई.

"ताई, रंग नारिंगी येतोय," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

दैवशाला शिवगंगाच्या गावची नवी जलसुरक्षक. गाव येडशीच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी. टाकीत रोज सकाळी ब्लिचिंग पावडरचं निवळलेलं पाणी ओतायचं, नळ आले की काचेच्या नळीत घोटभर पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडायचे, एवढं तिचं काम. फिकट पिवळा रंग आला की पाणी चांगलं. रंगच आला नाही तर पावडर कमी पडली, नारिंगी आला तर जास्त झाली. महिन्याभरापूर्वीपर्यंत हे काम शिवगंगाचे वडील, बलभीमअण्णा, करत होते.

"मोजून टाकतेस ना?"

"व्हय ताई. अण्णांनीच शिकवलंय की आमच्या बचत गटातल्या बायांना. अर्धी करून बघितली, तरी नारिंगीच. लेकरांचे घसे जळजळायलेत. लोक नळ सोडून पुन्हा ओढ्याच्या विहिरीवर जायलेत."

ओढ्याच्या विहिरीचं नाव निघालं आणि शिवगंगाच्या हातातली बाटली तशीच राहिली. त्या विहिरीच्या पाण्यानं एकदा अर्धं गाव जुलाबांनी अंथरुणाला खिळलं होतं, दोन तान्ही लेकरं गेली होती. त्यानंतरच अण्णांनी टाकीचं काम अंगावर घेतलं होतं.

ती शनिवारी गावी निघाली. खांद्यावरच्या पिशवीत अण्णांचा लोखंडी पाना होता. पाणी सोडण्याआधी अण्णा त्या पान्यानं टाकीचा नळ ठणठण वाजवत, म्हणजे गल्लीगल्लीतल्या बाया घागरी घेऊन नळाशी येत. अण्णांच्या दहाव्यानंतर तिनं तो कोनाड्यातून उचलून नेला होता. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

टाकीखालच्या खोलीपाशी मोटार चालवणारा भागवत बिडी ओढत बसला होता. तिला पाहून त्यानं बिडी विझवली.

"या, साहेब! आमचं पाणी नापास केलं म्हणं तुमच्या हापिसानं?"

"अजून नाही केलं. भागवतदादा, अण्णा गेल्यावर, दैवशाला यायच्या आधी पावडर कोण टाकत होतं?"

भागवत डोकं खाजवू लागला. "मीच की."

"खोटं बोलू नगा," दैवशाला उसळली. "ताई, खोलीतलं पोतं म्या उघडलं तवा त्याची शिवण बी उसवली नव्हती. आन् जिना चढायचं तर ह्यांना चक्कर येती, सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मग नळीत रंग येत होता का तेव्हा?" शिवगंगानं विचारलं.

"येत होता," भागवत हळूच म्हणाला. "रोज. झ्याक पिवळा. गावाला वाटलं, मी चढतोय. म्या म्हनलं, वाटू द्या." मग त्यानं नजर वळवली. "ताई, म्या कायबी केलं न्हाय. निस्ता खटका फिरवायचो. टाकीवर पाऊल वाजायचं, तवा म्या आत मोटारीपाशी बसून ऱ्हायचो."

डोंगराकडून मोराचा आवाज आला.

शिवगंगा जिन्यापाशी गेली. लोखंडी पायऱ्यांवर जागोजाग पांढरे डाग होते, ओल्या पावडरीच्या हातानं धरल्यासारखे. दैवशालाचे असतील, असं ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात एका पायरीवर उमटलेली चार बोटं तिला दिसली. तर्जनी अर्धीच होती. कडबा कापायच्या यंत्रात अण्णांचं ते बोट गेलं तेव्हा ती शाळेत होती.

घरी द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. शिवगंगानं सगळं सांगितलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि मग म्हणाली, "ठावं हाय मला. रोज नळ वाजतो, त्याआधी म्या च्या ठिवते."

"नळ कशानं वाजतो, आई?"

"तुझ्या अण्णांच्या पान्यानं. दुसऱ्या कशानं असा वाजतो?"

शिवगंगानं पिशवी पोटाशी ओढली.

जेवताना दैवशाला आणि भागवतही आले. आता करायचं काय, हा प्रश्न होता. दैवशालानं एक दिवस पावडर टाकलीच नव्हती, तेव्हा रंग अचूक पिवळा आला होता. म्हणजे एका टाकीत दोघांची पावडर पडत होती.

"मग हिनं नगं टाकू," भागवत म्हणाला. "अण्णा करायलेत, करू द्या. फुकटात असा मानूस कुटं मिळतोय?"

कुणी हसलं नाही. शिवगंगाला मात्र मनातून तेच हवं होतं. दैवशालानं घरी बसावं, नळीत रोज पिवळा रंग यावा, आणि आपण धाराशिवला बसून जाणावं की अण्णा आज टाकीवर चढले होते. गावालाही पाणी मिळालं असतं. तिनं मान वर केली. बोलणारच होती.

"त्यांचे गुडघे लई दुखायचे," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. "रोज उतरून आले की तेल लावून द्यायचे म्या. मेल्यावर बी जिना चढायला लावता व्हय गं त्यांना?"

शिवगंगानं हातातला घास ताटात ठेवला.

"पर त्यांना थांबवायचं कसं?" दैवशालानं विचारलं. "सांगायचं कुणी?"

"त्यांनी चार्ज दिला न्हाय कुणाला," आई म्हणाली. "त्यांची रीत म्हायती हाय न्हवं? लग्नाला जरी गावाला गेले तरी पाना भागवतच्या हातावर ठिवायचे, 'पाणी आता तुझं' म्हणायचे, मगच एस्टीत बसायचे. सोलापूरच्या दवाखान्यात तोंडावर ते मास्क. बोलता आलं न्हाय. मूठ तेवढी उघडत-मिटत होती. म्या म्हनलं, पानी मागतेत."

ती मूठ शिवगंगानंही पाहिली होती. तिनं त्या मुठीत आपला हात दिला होता, आणि त्यांनी तो बाजूला सारला होता. महिनाभर तिला तेच टोचत होतं. तिनं उठून पिशवीतला पाना काढला आणि आईपुढं ठेवला. आईनं तो पदरानं पुसला आणि परत तिच्या हातात दिला.

उजाडताना तिघी टाकीपाशी गेल्या. भागवत मोटारीच्या खोलीच्या दारात थांबला. पाना शिवगंगाच्या हातात होता, तरी नळ वाजला. ठण, ठण. धक्का तिच्या मनगटापर्यंत आला. वर कुणी दिसत नव्हतं. टाकीचं झाकण तेवढं सरकलं, आणि पावडरीचा उग्र वास खाली उतरला. मग पायऱ्या वाजू लागल्या, एकेक, मध्ये थांबत, गुडघे धरून उतरणाऱ्या माणसाच्या. खालच्या पायरीवर आवाज थांबला.

शिवगंगाला वाटलं होतं, भीती वाटेल. तिला फक्त त्यांना बसायला पाट द्यावासा वाटला.

"अण्णा," ती म्हणाली, "दैवशाला आलीय. तुम्हीच शिकवलंय तिला. चार्ज द्या तिला."

तिनं पाना दैवशालाच्या ओंजळीवर धरला. तो सुटेना. आपलीच बोटं आखडली आहेत की पान्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाची मूठ आहे, हे तिला कळेना. दैवशालानं हात मागं घेतला नाही.

"सोडा आता," द्वारकाबाई पाठीमागून म्हणाल्या. "च्या निवायला लागला."

शिवगंगानं बोटं उघडली. "पाणी आता तुझं," ती म्हणाली, आणि पाना एकदम जड होऊन दैवशालाच्या ओंजळीत पडला.

दुसऱ्या दिवशी दैवशालानं पावडर टाकली, खाली येऊन नळ वाजवला. तिचा ठोका हलका होता, घाईचा. बाया घागरी घेऊन आल्या खऱ्या, पण पाणी न भरता शिवगंगाकडं बघत उभ्या राहिल्या. तिनं नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब सोडले आणि नळी उजेडाकडं धरली. रंग नारिंगी यावा, एकदाच यावा, असं त्या क्षणी तिला फार वाटलं.

रंग फिकट पिवळा आला.

"भरा," ती बायांना म्हणाली.